डाव्या हाताकडे आलेले शॉर्टकट

रोज वही उघडली की आधी देवाचं नाव लिहिते. आज भाऊजींबद्दल लिहिते.

माझे हे धाकटे दीर तीस वर्षं छापखान्यासाठी घरी बसून पुस्तकं टाइप करतात. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. नसांचा आजार, वाढत जाणारा. तेव्हा एका म्हाताऱ्या मास्तरांचं जाडजूड आत्मचरित्र हातात होतं. "पुरं मीच करीन," असा भाऊजींनी त्यांना शब्द दिलेला.

मग त्यांनी कॉम्प्युटरवरचे शॉर्टकट बदलायला घेतले. नवी ओळ, खोडणं, पुढच्या शब्दावर जाणं, सगळं डाव्या हाताच्या आवाक्यात आणायचं. एकेका बटणावर तासभर विचार. पेन धरवत नव्हतं, म्हणून यादी माझ्या या वहीत.

"वहिनी, लिही. खोडायला आल्ट आणि क्यू."

"क्यूच का?"

"करंगळी तिथं रिकामीच बसलेली असते. घरातल्या धाकट्यासारखी."

आमचे हे दारातून म्हणाले, "देवाच्या वहीत आता आल्ट-कंट्रोल का?"

"दादा, तेवढंच आल्ट-कंट्रोलला पुण्य," भाऊजी म्हणाले.

तीन महिने पानं भराभर झाली. मग तीच करंगळी आखडली.

"चुकलं माझं," भाऊजी म्हणाले. "सगळा भार एकट्या डाव्यावर टाकला." तसाही तो हात जाणारच होता, असं डॉक्टरांनी समजावलं. त्यांना पटलं नाही.

नंतर दर आठ-दहा दिवसांनी यादीतली एखादी ओळ मी खोडायची. काय ठेवायचं, काय सोडायचं ते भाऊजी ठरवत. केलेलं मागे घ्यायचा शॉर्टकट त्यांनी सगळ्यांत आधी सोडला. "चुकायचंच नाही, म्हणजे झालं."

काल एकतीस पानं उरली होती आणि अंगठा, तर्जनी एवढंच चालत होतं. दुपारपर्यंत अर्धं पान झालं. मी न राहवून म्हटलं, "तुम्ही सांगा, मी टाइप करते."

ते म्हणाले, "आधी शॉर्टकट पहिल्यासारखे करून घे. तुला दहा बोटं आहेत."

त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये कुठं जायचं ते त्यांनीच सांगितलं. पडद्यावर प्रश्न आला, सगळे बदल पुसायचे का? भाऊजी तो वाचत राहिले.

"हो म्हण."

मी बटण दाबलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते मजकूर सांगू लागले. माझी ओळीगणिक चूक होत होती आणि ते म्हणत होते, "सावकाश, वहिनी." देवाकडे काय मागावं ते सुचेना. मी पुढचं वाक्य विचारलं.