काळ्या घोड्याची कॅसेट

माझ्या धाकट्या भावाला घरात, गल्लीत आणि आता बाजारातही सगळे खटपट्याच म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. लहानपणी घरातली एकही वस्तू त्यानं उघडल्याशिवाय सोडली नाही. आईचं घड्याळ उघडलं, बाबांचा रेडिओ उघडला, एकदा तर वजनकाटा उघडला आणि त्यानंतर घरातली सगळीच माणसं हलकी भरायला लागली. आई खूश, बाबा चिंतेत. आता तो पन्नाशीला टेकलाय, डोक्यावर केस नावापुरते उरलेत, पण स्क्रूड्रायव्हर हातात आला की चेहरा अजून तोच.

दुकान आमचं दोघांचं. पुढच्या भागात माझं शिलाई मशीन. चेन बदलणं, पँट आखूड करणं, उसवलेलं शिवणं. मागच्या भागात त्याचं टेबल, त्यावर दिवा, भिंग आणि एक ढेरपोट्या जुना टीव्ही. पूर्वी तो इस्त्री, पंखे, येईल ते दुरुस्त करायचा. मग कुणीतरी माळ्यावर पडलेला जुना व्हिडिओ गेम घेऊन आलं. खटपट्यानं तो चालू करून दिला आणि ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. कंपन्यांनी ज्यांचं उत्पादन कधीच गुंडाळून टाकलं होतं, असले डबे लोक चादरीत गुंडाळून आमच्याकडे आणायला लागले.

गिऱ्हाईकं बघावीत तर टक्कल पडलेली, पोट सुटलेली, खिशात रक्तदाबाच्या गोळ्या. गेम चालू झाला की दुकानातच टीव्हीसमोर उकिडवी बसतात, ओरडतात, एकमेकांना कोपरानं ढोसतात आणि मग गुडघे धरून उठतात. एकाला मी विचारलं, "घरी जाऊन खेळता तरी का हो?"

"कुठला वेळ ताई! कपाटात ठेवलाय. नुसता दिसला तरी बरं वाटतं."

हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही. मधे त्यातल्या एका कंपनीनं आपला तोच जुना गेम नव्यानं बाजारात आणला. तळहातावर मावेल एवढा, सगळे जुने खेळ आतच कोंबलेले, कॅसेटची भानगडच नाही. मला वाटलं, आता खटपट्यानं पंखे दुरुस्त करायला घ्यावेत. झालं उलटंच. लोक नवा घ्यायचे, चार दिवस खेळायचे आणि जुना शोधून आमच्याकडे आणायचे. नव्यात सगळं आहे पण मजा नाही, अशी तक्रार.

"बंद पडलं ते बंद पडू द्यावं," मी म्हणायची. "मेलेलं उठवायची ही नसती उठाठेव कशाला?"

"तू उसवलेलं शिवतेसच ना?"

"मी शिवते ते लोक अंगात घालतात. कपाटात ठेवून बघत बसत नाहीत."

"ताई, त्यांना गेम नकोच असतो गं. खेळताना शेजारी बसलेलं माणूस हवं असतं. ते मिळत नाही, म्हणून डबा आणतात."

म्हणजे त्याला हे कळत होतं. कळत असून जे व्हायचं ते त्याच्याच हातून झालं.

कॅसेट म्हणजे गाण्याची नव्हे, गेमची. प्लॅस्टिकची जाड वडी, वरून डब्यात खोचायची. काही कॅसेटींच्या आत कोटाच्या बटणाएवढी बॅटरी असते. खेळणारा कुठवर पोचला हे तीच लक्षात ठेवते. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते आणि आतलं सगळं खाऊन टाकते. म्हणून खटपट्याच्या हातात कॅसेट आली की तो पहिल्यांदा बॅटरी बदलतो. कुणी सांगो न सांगो, दुरुस्तीत जमा. फक्त एक असतं, जुनी बॅटरी काढली की तिनं लक्षात ठेवलेलं सगळं पुसलं जातं. त्यामुळे तो आधी गिऱ्हाइकाला विचारतो, आतलं काही ठेवायचंय का? बहुतेक जण हसून सांगतात, नको, पहिल्यापासून खेळू. कुणाला हवंच असलं तर आधी उतरवून ठेवायचं यंत्रही त्याच्याकडे आहे.

पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई आल्या तेव्हा मी एका कोटाचं अस्तर उसवत होते. त्यांच्याकडे उशीच्या अभ्र्यात घातलेला डबा होता.

"हा चालूच होत नाही. माझ्या भावाचा आहे," त्या खटपट्याला म्हणाल्या. "तो आजारपणात गेला. त्यानंतर मी हात लावला नव्हता याला. आता वाटतंय, बघावं."

खटपट्यानं वायर पाहिली, डबा हलवला, पुढच्या आठवड्यात या म्हणाला. कॅसेट डब्यात घट्ट अडकून बसली होती. ती सुटली बाई गेल्यावर, झाकण उघडल्यावर. विचारायला समोर कुणी नव्हतं. कॅसेट हातात आली आणि हातांनी रोजचं काम केलं. मी समोरच होते. तो शीळ घालत होता.

डबा दुरुस्त झाला तेव्हा त्यानं कॅसेट खोचली आणि शीळ थांबली. टीव्हीवर तीन रिकामे चौकोन होते आणि प्रत्येकात लिहिलेलं, नवीन खेळ. मग त्यानं कचऱ्याच्या डब्यातून ती जुनी बॅटरी शोधून काढली, मीटरला लावली आणि कितीतरी वेळ काट्याकडे बघत राहिला.

"चांगली होती ताई," तो म्हणाला. "अजून सहज चालली असती."

"फोन कर आणि सांगून टाक," मी म्हटलं. "चूक झाली म्हणावं. माणूस आहे."

त्यानं फोन लावला. सांगणारच होता, तशी शब्दांची जुळवाजुळवही केली होती. पण पलीकडून बाईच आधी बोलल्या, आणि त्यांचा आवाज मला मशीनपर्यंत ऐकू आला. "चालू झाला? त्यात काळा घोडा आहे का हो? त्याला माझं नाव दिलं होतं त्या गाढवानं! मी चिडायची आणि तो हसायचा." आणि त्या स्वतःच हसल्या.

खटपट्या म्हणाला, "थोडं काम बाकी आहे. कॅसेट तपासायची आहे. खेळताना तुमचे भाऊ कुठलं नाव घालायचे?"

त्यांनी सांगितलं. त्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं खेळायला सुरुवात केली. रोज जेवण झालं की टीव्हीसमोर. लोकांचे डबे टेबलाखाली साचत गेले. मी आयुष्यभर त्याला खेळताना पाहिलंय, जीभ बाहेर काढून, खुर्चीसकट वळणारा. हा तो खेळ नव्हता. दाढ दुखत असताना जेवावं तसा तो खेळत होता. मेलेल्या माणसाचं नाव घातलं, काळा घोडा मिळवला, त्याला बाईंचं नाव दिलं. जंगल, दलदल, बर्फाचे डोंगर, एकेक पार करत गेला.

"कुठवर नेऊ?" त्यानं एकदा मला विचारलं.

"मला काय विचारतोस? त्या बाईंना विचार."

"त्यांना कुठल्या तोंडानं विचारू? घोड्याला नाव देण्याइतका रमला होता म्हणजे शेवटापर्यंत आला असणार. अगदी संपवायला नको. शेवटच्या किल्ल्याच्या दारात थांबवतो."

"हे खोटं आहे, खटपट्या."

"खोटं आहे. पण रिकामं तर नाही ना."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण त्याचे सुजलेले डोळे पाहिले आणि तोंड उघडवलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःलाच समजावलं आणि कोटाला अस्तर लावायला घेतलं.

बाई आल्या. खटपट्यानं गेम लावून दाखवला. किल्ल्याच्या दारात काळा घोडा उभा, शेपटी हलवत. बाईंनी काचेवरून बोट फिरवलं, जसं काही त्याची मान खाजवताहेत. दोन्ही हातांनी डबा उचलून घेऊन गेल्या. माझ्या मनात आलं, चला, सुटला.

कसला सुटतोय! खाई त्याला खवखवे. पुढचे कितीतरी दिवस तो जेवणाच्या डब्यातली अर्धी पोळी परत न्यायला लागला. पोस्टात जायचं काम निघालं की मला पाठवायचा. नवी कॅसेट आली की हातात घ्यायचा, खाली ठेवायचा, परत घ्यायचा. एका गिऱ्हाइकाला त्यानं आतलं ठेवायचंय का हे इतक्या वेळा विचारलं की तो बिचारा घाबरून कॅसेट परत घेऊन गेला.

"जा आणि सांग," मी म्हणायची.

"आता सांगून त्यांचं काय भलं होणार? त्या खूश आहेत."

मग एका दुपारी बाई परत आल्या. हातात तोच अभ्रा. माझ्या समोरच्या स्टुलावर बसल्या आणि डबा मांडीवर घेतला. खटपट्या आपल्या टेबलामागून उठला, पण जवळ आला नाही.

"बिघडला का?" त्यानं विचारलं.

"नाही. चांगला चालतोय." त्यांनी अभ्र्याची गाठ सोडली, परत बांधली. "मी माझ्या भावाला धरसोड्या म्हणायची. सगळं घरच म्हणायचं, पण सुरुवात माझी. शिकायला लागला, सोडलं. नोकरी धरली, सोडली. पेटी शिकायला लागला, तीही सोडली. हा गेमसुद्धा. मी ओरडायची, एवढा वेळ घालवतोस, निदान हा तरी शेवटाला ने!"

"असं घरोघरी चालतं हो," मी म्हटलं.

"हॉस्पिटलात त्याला औषधं सहन होईनात. मला बंद करायचीत म्हणाला. मी म्हटलं, झालं, आता हेही अर्धवट सोड, तुझी जित्याची खोडच आहे ती." बाईंचा आवाज फाटला. "काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर आम्ही नीट बोललोच नाही. आणि हे बघा ना, शेवटच्या किल्ल्यापर्यंत गेला होता तो. सगळं पार केलं होतं. मला न सांगता. मी एकदाही शेजारी बसून बघितलं नाही. घरी रोज लावते आणि त्या दारात त्याला उभा बघते, आणि मला वाटतं, मी काय बोलले त्याला! काय बोलले!"

त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि भावाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपल्या चुकीचं ओझं आपण या बाईच्या डोक्यावर चढवलंय, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि मलाही. गप्प बसणाऱ्यांत मीही होते.

"बाई," तो म्हणाला, "ते तुमच्या भावानं खेळलेलं नाही. ते मी खेळलो."

त्यांनी डोळे पुसले. त्यांना कळलंच नव्हतं.

मग त्यानं सगळं सांगितलं. बॅटरी, रिकामे चौकोन, फोनवर त्या हसल्या तेव्हा जीभ कशी उचलली नाही, नंतर रोज दुपारी बसून काय केलं, सगळं. स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही. खाली बघून सांगत राहिला. बाई शिव्या देतील म्हणून मी तयारीत होते. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"घोडा?" त्यांनी एवढंच विचारलं.

"तोही मीच ठेवला. तुम्ही फोनवर सांगितलंत तसं तुमचंच नाव दिलं."

खटपट्यानं हात पुढे केला. "द्या तो. ते सगळं पुसून देतो. निदान खोटं तरी राहायला नको तुमच्या घरात."

बाई ताडकन उठल्या आणि डबा छातीशी धरला. "हात लावू नका याला! आता अजिबात हात लावू नका."

त्यानं हात मागे घेतला. बाई दारापर्यंत गेल्या. तिथं थांबल्या, वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खिडकीवर पत्ता नसलेलं पार्सल आलं की त्या विचारतात, तशाच आवाजात त्यांनी विचारलं, "मग तो खरा कुठवर पोचला होता?"

खटपट्या म्हणाला, "मी बघितलंच नाही हो."