साहेबांच्या सहीखालचं सांत्वन

नोएमी ताफूर ही बाई दूधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत कोणावरही चटकन विश्वास टाकणारी नव्हे. इबागे शहरातल्या एका बियाणं कंपनीत ती साहेबांची सेक्रेटरी; सगळे तिला मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणत. ऑफिसच्या ईमेलमध्ये एआयचा मदतनीस आला, तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं ते स्वयंपाकघरात शिरलेल्या परक्या मांजराकडे पाहावं तसं.

"दोन्या नोएमी, नुसतं सांगायचं, ते लिहून देतं," शेजारच्या टेबलावरची युरानी म्हणाली. "तुमचा अर्धा दिवस वाचेल."

"आणि वाचलेल्या अर्ध्या दिवसाचा पगार कोण देणार?"

"तुम्ही पण ना. ते तुमचीच जुनी पत्रं वाचून शिकलंय. म्हणजे तुमचंच लेकरू झालं."

"मला लेकरं नाहीत, बाई. आणि असली तर मुळीच नकोत."

जुन्या पत्रांचं ऐकून मात्र तिला फार झोंबलं. साहेबांच्या, म्हणजे आन्सीसार गुआर्निसो यांच्या नावाने जाणारी सांत्वनाची पत्रं सगळी तिचीच. कोणा गिऱ्हाइकाची आई गेली, कोणा ड्रायव्हरचा भाऊ गेला, की नोएमीने लिहायचं, साहेबांनी खाली सही ठोकायची आणि लोकांनी म्हणायचं, साहेबांचं काळीज मोठं. तिची त्याला कधी हरकत नव्हती.

मग तिची बहीण वारली; लिहिया तिचं नाव. दोघी जन्मभर एकाच घरात राहिलेल्या. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा ईमेल आला. 'तुमच्या घरी रोज सकाळी तिच्या वाटणीची कपभर कॉफी जास्त होईल, हे आम्ही जाणतो.'

वाक्य नोएमीचं होतं. एका दुकानदाराच्या विधवेला तिनेच लिहिलेलं, जसंच्या तसं. आणि लिहिया तर आयुष्यात कॉफीला शिवली नव्हती, तिला लागायचं गुळाचं गरम पाणी.

नोएमीचं रडं थांबलं आणि डोकं भडकलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या नावावर आपण माया लिहिली, त्याच्यापाशी आपल्यासाठी स्वतःचे दोन शब्द नसावेत? त्याला खरंच काही वाटलं की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. युरानीचा सांत्वनाचा साधा मेसेजही तिने संशयाने पुन्हा पुन्हा वाचला. पाद्री प्रार्थना सांगू लागले, तर तिच्या मनात आलं, यांनाही कोणी लिहून दिलं असेल.

रिवाजाप्रमाणे नऊ दिवस रोज संध्याकाळी घरी जपमाळेची प्रार्थना चालली. सगळं ऑफिस येऊन गेलं. साहेब आले ते अगदी शेवटच्या संध्याकाळी, चीजच्या पावांची पिशवी घेऊन. मागच्या खुर्चीत बसून ते प्रार्थनेत सारखे चुकत होते. लोक पांगल्यावर तिने सरळ विचारलं.

"साहेब, ते पत्र कोणी लिहिलं?"

"लिहायला बसलो होतो मीच," साहेब खाली बघत म्हणाले. "तुमचं नाव लिहून झालं. पुढे सुचेना. मग बटण दाबलं."

"लिहिया कॉफी पीत नव्हती."

"मला काय ठाऊक? मला असलं येत असतं तर एवढी वर्षं तुम्हाला कशाला त्रास दिला असता? कोणी गेलं की मी तुम्हाला लिहायला सांगतो, दोन्या नोएमी. या वेळी सांगायला कोणी नव्हतं."

नोएमीला एकदम भरून आलं. तरी डोळे पुसता पुसता ती त्यांचं तोंड निरखत राहिली, हे बोलणं तरी ते पाठ करून आले नाहीत ना म्हणून.