गाणं संपल्यावरची दाद

हे बायकोला माहीत नाही. अस्लमला तर नाहीच नाही. तसा मी तोंडाचा हलका माणूस. येरमाळ्यात माझ्या दुकानात चहाला टेकलेल्या कुणालाही मी माझ्या मूळव्याधीपासून मेव्हण्याच्या भानगडींपर्यंत सगळं सांगतो. पण ही एक गोष्ट कधी ओठावर आली नाही. आता तुम्हाला सांगतोय. का? माहीत नाही. सांगायला लागलो की छातीत काहीतरी हलेल असं वाटलं होतं — काही हलत नाही.

माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, भावपूर्ण श्रद्धांजली, दिवसभर हेच. दुकानाच्या मागच्या खोलीत मी आणि अस्लम जुन्या गाण्यांचं पॉडकास्ट करतो. अस्लम कळंबला कॉलेजात क्लार्क आहे, शाळेपासूनचा दोस्त. दोघांनाही रेकॉर्डींचं खूळ. रीत साधी — दर भागाला त्यानं एक रेकॉर्ड आणायची, मी एक, आणि काय आणलंय ते आधी सांगायचं नाही. तो कव्वाली आणायचा, कन्नड नाटकातली पदं आणायचा, एकदा तर लग्नाच्या बँडची आणली. मी खताच्या जाहिरातीची आणली होती. तिच्यात एक बाई युरियावर इतकी लाडात येऊन गाते की अस्लम खुर्चीवरनं पडायचाच राहिला. ऐकणारे थोडे, पण चिवट. नंतरची कापाकापी माझ्याकडं. त्याचा खोकला, माझं दर वाक्याला 'म्हणजे', रस्त्यावरच्या एसटीचा हॉर्न — सगळं मीच काढायचो.

तर ती रेकॉर्ड.

धंदा बंद केलेल्या एका लाउडस्पीकरवाल्याकडनं आम्ही गठ्ठाच उचलला होता. ही माणसं लई हुशार — रेकॉर्ड कुणाच्या मांडवात राहून जाऊ नये म्हणून मधल्या कागदावर ऑइल पेंटनं आपलं नाव फासायची. झालं, गाणाऱ्याचं नाव त्याच्याखाली गडप. त्यातल्या एका लहान रेकॉर्डीवर एका बाईचा आवाज होता. नवरीला निरोप द्यायचं गाणं, अर्धं उर्दू, अर्धं आपल्याकडचं मराठी. जाड, जरासा बसका आवाज. मला आवडला. माझी निवड म्हणून मी ती आणली.

आणि माइकवर काय बोललो? मला त्या बाईविषयी ओ का ठो माहीत नव्हतं. पण 'माहीत नाही' म्हणायला जीभ रेटेना. मी ठोकून दिलं — ही बार्शीच्या तमाशाच्या थेटरातली बाई, माझ्या आजोबांनी हिला जत्रेत समोर बसून ऐकलंय. आजोबा कसले ऐकतात! ढोलकी वाजली की त्यांचं डोकं दुखायचं. पण बोलत गेलो, आणि छान बोललो. तो भाग लई चालला. पुण्याच्या एका प्राध्यापकांचा फोन आला, मला 'अभ्यासक' म्हणाले. धाराशिवला एका कार्यक्रमात शाल दिली आणि आजोबांची गोष्ट परत सांगायला लावली. सांगितली की. त्या वेळी आजोबांच्या डोळ्यात पाणीसुद्धा आणलं.

मग एक दिवस अस्लम आला तो जरा हसतच. म्हणाला, शकीलाखालानं तो भाग ऐकला. खाला म्हणजे त्याच्या आईची थोरली बहीण, तेरखेड्याला राहणारी. सुनेनं मोबाइलवर लावून दिला होता. ऐकता ऐकता खाला उठून उभी राहिली म्हणे, आणि म्हणाली, हा माझ्या अम्मीचा आवाज आहे.

अस्लमची नानी फार लवकर गेली. अस्लमची आई तेव्हा रांगत होती, शकीलाखाला कळती झालेली. अम्मी लग्नाघरी बायकांत गायची, एकदा नात्यातल्या पेटीवाल्याबरोबर हैदराबादला जाऊन रेकॉर्ड करून आली — हे खाला जन्मभर सांगत आली होती. तिच्या थोरल्या भावानं ते कधी मानलं नाही. आपल्या घरातल्या बायका गात नसतात, शकीलानं स्वप्न पाहिलं असेल, म्हणायचा. त्याला आठवत नसेल? मला नाही वाटत. पण घरात त्याचंच चालायचं. नानीचा फोटो नाही, रेकॉर्ड नाही. खालाला नातवंडं झाली तरी त्या घरात ती खोटारडीच राहिली.

'ती म्हणती, लहानपणी ती रेकॉर्ड ऐकलीय, गाणं संपलं की पेटीवाला अम्मीचं नाव घेऊन दाद देतो,' अस्लम म्हणाला. 'बघ की सुध्या, शेवटाला हाय का काही?'

शेवट मी कापला होता. गाणं संपल्यावर नुसती खरखर, तिच्यात कुणी पुटपुटल्यासारखं — नीट न ऐकताच मी ते उडवलं होतं. ते चुकून. तेवढंच चुकून.

अस्लम गेल्यावर मी रेकॉर्ड लावली. भर दुपारी, शटर अर्धं ओढून. गाणं संपलं, खरखर सुरू झाली, आणि तिच्यातनं एक माणूस अगदी खुशीत म्हणाला — वा जुलेखाबी, वा! बहिऱ्यालाही कळावं इतकं स्पष्ट. जुलेखा हे अस्लमच्या नानीचं नाव. त्यानं आपल्या पोरीचंही तेच ठेवलंय.

मला आधी काय आठवलं असेल? खाला? छे. ती शाल आठवली. ते प्राध्यापक, आणि आजोबांच्या डोळ्यातलं ते पाणी. लोक कसे हसतील तेवढंच दिसत राहिलं.

अस्लमला फोन केला. म्हणालो, काही नाही रे, नुसती खरखर. तो म्हणाला, नसू दे, पण तिला एकदा समोर बसून ऐकायचंय, रविवारी घेऊन येतो. मी म्हणालो, आण की.

इथं थांबावंसं वाटतंय. इथपर्यंत नुसतं खोटं बोलणं आहे — खोटं कोण बोलत नाही? पण थांबलो तर मग सांगितलं तरी काय?

फ्लेक्स कापायचं कटर माझ्या हाताशी असतंच. मी रेकॉर्ड टेबलावर आडवी ठेवली आणि गाणं जिथं संपतं त्या, पेंटाला लागून असलेल्या, आतल्या रेघांवरनं पातं ओढलं. परत वाजवून पाहिलं. 'जुले' एवढं अजून येत होतं. परत ओढलं. हात चुकला का? नाही. हात माझा त्या कामाला बसलेला आहे. मग कॉम्प्युटरमधली मूळ फाइल काढून टाकली. ते नाव दुसरीकडं कुठंच नव्हतं, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच केलं.

अस्लमच्या घरात कलागत नको म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगून पाहिलंय. खोटं आहे. त्यांचं घर मला त्या दुपारी आठवलंसुद्धा नव्हतं.

रविवारी खाला आली. माझ्या पोरांसाठी डब्यातनं खवा घेऊन आली होती. स्टूल ओढून स्पीकरला अगदी चिकटून बसली. गाणं सुरू झालं तशी ती बरोबरीनं ओठ हलवायला लागली — ओळ यायच्या आधी तिच्या ओठावर ओळ. अस्लमचं लक्ष होतं का कोण जाणे. मी बघत होतो. कडवी संपत आली तसं तिनं बोट वर केलं. 'आता बघ. आता म्हणतो.'

खट्. सुई घसरली.

'परत लाव बेटा.' परत लावली. खट्. तिसऱ्यांदा तर तिनं सांगायच्या आधीच लावली. का? आता पक्कं झालंय ना, हे मलाच बघायचं होतं.

'खाला, जुनी आहे हो ती. आधीपासनंच खराब आहे,' मी म्हणालो.

तिनं वर केलेलं बोट खाली घेतलं. मग उठली, ओढणी सारखी केली. 'व्हय बेटा. मी बी जुनीच की. डोक्यात कायबी येतंय.' आणि जाता जाता दारात थांबून म्हणाली, 'तुला उगं तकलीफ दिली.'

पुढं तिनं तो विषयच काढला नाही. मी मात्र त्या बाईवर आणखी एकदा बोललो, एका रेडिओवाल्यानं विचारलं तेव्हा. बार्शी, थेटर, आजोबा. वाईट वाटलं का? वाटायला पाहिजे होतं. मी वाट बघितली. मग जेवलो.

गेल्या थंडीत खाला वारली. दफनाला मी होतो, मूठभर माती मीही टाकली. आठ-दहा दिवसांनी अस्लम दुकानात आला. स्टूल ओढून बसला. मग म्हणाला, जायच्या आधी खालानं थोरल्या मामूला बोलावून घेतलं होतं. त्याचे हात धरून माफी मागितली — भाईजान, अम्मीच्या नावानं जन्मभर खोटं बोलले, मला माफ करा. मामूनं केली म्हणे माफ.

अस्लमनं डोळे पुसले. म्हणाला, 'तू लई सांभाळून घेतलंस तिला, सुध्या. दुसरा कुणी असता तर हसला असता.'

मी 'व्हय' म्हणालो.