ह्यांचा डावा पाय

मासिकात असले अनुभव छापून येतात, ते मी दुपारी वाचते आणि बाजूला ठेवते. माझा कधी विश्वासच नव्हता... वटार गावी, माझ्या माहेरच्या वाडीत चिंचेखाली म्हणे कुणी दिसायचं. त्याच चिंचेखाली मी लहानपणी एकटी काटक्या वेचायचे. मला कधी कुणी दिसलं नाही. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. हे पाठवीन की नाही, तेही ठाऊक नाही. पण एकदा लिहून काढायचं आहे.

साल २००४ असेल. आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाहेरची खोली आणि आत स्वयंपाकघर, एवढंच. ह्यांना लकवा झाला होता. बोलणं शाबूत, पण डावी बाजू गेलेली. डाव्या पायाला तर स्पर्शच कळत नव्हता. मुलगी निशा फिजिओथेरपी शिकली होती. अमेरिकेत काम करायचं तर तिथली लायसनची परीक्षा पास व्हावी लागते. एकदा थोडक्यात हुकली होती. ही शेवटची खेप, असं तिनेच ठरवलं होतं.

जेवणं झाली की तिची उजळणी चालायची. इंग्रजीत वाचायची, मग तेच बाबांना मराठीत सांगायची. सांगता आलं तरच आपल्याला कळलं, असं तिचं म्हणणं. मी मोरीशी भांडी घासत ऐकायचे. त्यातलं एक डोक्यात पक्कं बसलं — "जिथे स्पर्श कळत नाही तिथे शेक द्यायचा नाही. भाजलं तरी पेशंटला समजणार नाही."

मग कापूस घेऊन तपासणी. "बाबा, डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."

उजव्या पायाला "हो... हो..." यायचं. डाव्याला हे गप्प.

एका दुपारी माझ्याच डाव्या टाचेला मऊ काहीतरी लागलं. झुरळ असेल म्हणून पाय झटकला. काही नव्हतं. पुन्हा लागलं, आता अंगठ्याला. तोंडातून निघूनच गेलं, "हो!"

"आई, तुला कोण विचारतंय?" निशा बाहेरून ओरडली.

हे हसले. "अगं, लग्न झाल्यापासून माझी उत्तरं तीच देते."

मीही हसले. पण डोकावून पाहिलं, तर निशाचा कापूस ह्यांच्या डाव्या अंगठ्यावरच होता.  असलं बोलायची मला लाजच वाटते. पुढे बऱ्याचदा तसं झालं. मी ओठ मिटून भांडी घासत राहिले.

एकदा निशा मैत्रिणीकडे पुस्तकं आणायला बोरिवलीला गेली होती. ह्यांच्याजवळ शेजारच्या राणेकाकूंना बसवून मी भाजीला उतरले. वांगी निवडत होते आणि डाव्या तळव्याला असा चटका बसला की मी ओरडलेच. निखाऱ्यावर पाय पडावा तसा. चप्पल काढून पाहिली... काही नाही. तळवा थंड. भाजीवाली म्हणाली, "काय ओ ताई, काटा मोडला?" पिशवी तिच्यापाशी टाकून मी धावत सुटले.

वर काकू तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी ह्यांच्या डाव्या तळव्याला लावून बसल्या होत्या. मी ती ओढून घेतली. तळवा लालबुंद झाला होता.

"पाय थंडगार पडलेलो गे, म्हटलं वाईच शेक देवया," काकू घाबरून म्हणाल्या. त्यांचा काय दोष? आमच्याकडे पाय गार पडला की शेकतातच.

हे म्हणाले, "मला काहीच कळलं नाही गं."

फोड आला नाही, तेवढ्यावर निभावलं. पण निशाने घरी आल्यावर सगळी पुस्तकं मिटली. "मी परीक्षा देत नाही. मी तिकडे असताना असं झालं, आणि तू बाहेर असलीस तर?"

"आजही मी बाहेरच होते," मी म्हटलं.

"मग वेळेवर आलीस कशी?"

तेव्हा सगळं सांगितलं. आयुष्यात एवढं एका दमात मी कधी बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, "त्यांचा पाय मला कळतो. तू जा."

निशा ह्यांच्याकडे बघायला लागली. हे म्हणाले, "तिला थट्टा करता येत नाही, माहीत आहे ना तुला?"

निशाने कापूस काढला. "आत जा. दार लाव."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. "टाच," म्हटलं. थोड्या वेळाने, "करंगळी." मग काहीच लागेना. बाहेरून हाक आली, "आणि आता?"

"आता काही नाही."

दार उघडलं. निशा हातात कापूस घेऊन तशीच उभी. "बरोबर आलं का गं?" मी विचारलं. तिने पुस्तक उघडलं, खूण शोधली आणि मोठ्याने वाचायला लागली.

ती पास झाली, गेली. बरोबर की चूक ते तिने अजून सांगितलेलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. पुढे एकदा फोनवर म्हणाली, "आई, कापूस लावताना तुला माझी चाहूल लागत असेल." असेलही. पण त्या दिवशी बाजारात कुणाची चाहूल लागली? 

हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पायाला तसं काही होत नाही. तरी दुपारी भांडी घासताना मी मध्येच नळ बंद करते... आणि थोडा वेळ पाय न हलवता उभी राहते.