सांधणी या नावामागची गोष्ट

शुक्रवारी संध्याकाळी सहाला फॉर्म बंद होणार होता आणि पाच वाजता आई म्हणाली, "हे नाव ठेवशीन तर त्याचा बोर्ड माह्या दारावर लावू नोको."

माझं डोकंच फिरलं. बाप्पा! महिनाभर नावासाठी डोकं आपटून झालं, तेव्हा ही बाई गप्प होती. आणि आता बोलायचं सुचलं!

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी बारा वर्षं डिस्चार्जच्या खिडकीवर बसले. माणूस ऑपरेशन होऊन निघायचा, हातात फाईल, पिशवीत औषधं. घरी गेल्यावर त्याला कुशीवर कोण वळवणार, नळी कोण साफ करणार, हे कोणीच सांगायचं नाही. नातेवाईक मलाच विचारायचे, "म्याडम, आता पुढं?" मी म्हणायचे, "पुढचे या." त्याची मला लाज वाटायची. म्हणून ही कंपनी. दवाखान्यातून सुटल्यावर पहिले पंधरा दिवस आमची शिकलेली बाई पेशंटच्या घरी जाणार.

भागीदार माझी मैत्रीण, कामठीची, त्याच दवाखान्यातली नर्स. तिनं सोमवारीच राजीनामा देऊन टाकला होता. नव्या कंपन्यांना जागा देणारी आणि दवाखान्यांशी गाठ घालून देणारी एक समिती आहे, तिचा हा फॉर्म. त्यात दोन रकाने होते: नाव, आणि नावामागची गोष्ट. गोष्ट आवडली तर शनिवारी बोलावणं, नाही तर वर्षभर थांबा. मैत्रिणीच्या घरी दोन लेकरं. वर्षभर थांबणं तिला जमण्यासारखं नव्हतं, आणि हे मला पक्कं माहीत होतं.

तिला इंग्रजी नाव हवं होतं. "सांधणी म्हणजे काय, कोणाले समजन वं? बोर्ड वाचून लोकं फाटके कपडे घेऊन येतीन." मी अडून बसले. आम्ही कोष्टी. मागावरचा ताणा संपला की तो मुळापासून उपटत नाहीत. फणीत वीतभर जुने धागे ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्याला पीळ देऊन जोडतात, बोटांना राख लावून, क्रमानं, हजारो धागे. ती सांधणी. आमच्या घरी ती आई करायची. जुनं संपतं तिथंच नवं बांधायचं, आमची कंपनी दुसरं काय करणार होती? हे ऐकून मैत्रीण म्हणाली, "लिही."

तेच लिहून मी आईला वाचून दाखवत होते. आईची राखेनं पांढरी झालेली बोटं, तिची नजर, सगळं लाडानं लिहिलं होतं. "मी सात वर्षांची असताना आई पाणी भरायला गेली, तेव्हा काठाचे चार धागे मीही सांधले होते," इथवर आले आणि आईनं निवडायला घेतलेली भाजी खाली ठेवली. मग ते बोर्डाचं वाक्य.

"काहून पण?" मी ओरडले. "चांगलं तर लिहिलं आहे!"

"चांगलं? मले काय म्हणतात गल्लीत, ते लिहिलं का?"

ते मी लिहिलं नव्हतं. आमच्या गल्लीत आईला आजही म्हाताऱ्या बाया आंधळी म्हणतात. तिचे डोळे चांगले आहेत. मी सात वर्षांची होते त्याच वर्षी काठातला एक लाल धागा तिनं पांढऱ्यात सांधला, आणि पुढच्या सगळ्या पातळांवर लाल रेघ उमटली. व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. बाबांनी गल्लीत उभं राहून तिला आंधळी म्हटलं आणि मागाला हात लावायची बंदी केली. त्यानंतर ती शाळेत खिचडी शिजवायला जाऊ लागली. ही गोष्ट मला पाठ होती. आईची चूक म्हणून पाठ होती. मोठी झाल्यावर मीही एकदा भांडणात तिला तोच शब्द फेकून मारला होता.

"ते जुनं आहे," मी म्हटलं. "कायले उकरतेस?"

"त्या गाठीचा पीळ उलटा होता," आई म्हणाली. "म्या फणीपाशी जाऊन पाह्यला. घरात डावखुरी तू एकटीच."

ज्या चार धाग्यांची मी आयुष्यभर फुशारकी मारली, तो लाल धागा त्यातलाच एक.

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुह्या बापाचा हात पाह्यला नाहीस तू. सात वर्साची होतीस. मले वाटलं, चार दिवस बोलतीन अन् भुलतीन लोकं." तिनं भाजी परत पुढ्यात ओढली. "नाही भुलले."

पाच चाळीसला मैत्रिणीचा फोन आला. "टाकलं का? टाक ना माय, जीव जाऊन राहिला माहा!" मी म्हटलं, नाव बदलावं लागेल. ती फोनवर रडायलाच लागली. मलाही रडू आलं आणि स्वतःचा भयंकर राग आला. जिचं काम मी तिची चूक झाकून, गोड करून विकायला निघाले होते, तिनं चूक केलीच नव्हती.

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "रडू नोको वं पोरी. नाव तेच राहीन." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पण खरं लिही."

मी पांढरी बोटं खोडली, नजर खोडली. लिहिलं: "सांधणी माझी आई करायची. तिच्या हातून एकही धागा चुकला नाही. जो चुकला, तो मी सांधला होता. त्याचा बोल तिनं घेतला आणि तिचा माग सुटला." सहाला सात मिनिटं होती. आई म्हणाली, वाच. वाचलं. फॉर्म गेला.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. समोरच्या ओट्यावर नेहमीच्या तिघी म्हाताऱ्या बसल्या होत्या. आई उठली, तिनं दाराच्या दोन्ही फळ्या पूर्ण उघडल्या आणि बाजूला सरकून मला उंबऱ्यात उभं केलं.

"आता मोठ्यानं वाच," ती म्हणाली.