डोळे मिटायची सक्ती नाही

मिशनरी म्हटलं की लोकांना गोरा माणूस लागतो. पांढरा झगा, मोडकंतोडकं मराठी, जमल्यास एखादा घोडा. आम्ही निघालो पिंपरीतून, नवरा चाकणच्या कंपनीत मशिनं दुरुस्त करणारा, मी शाळेत विज्ञान शिकवणारी, सोबत दोन मुलं, आणि गेलो पोलंडला. त्यामुळे कोणाचंच समाधान झालं नाही. पिंपळे सौदागरची माझी मावसबहीण म्हणाली, "सेटल व्हायला चाललात म्हणा ना सरळ, देवाला कशाला मध्ये घेता?" तिकडची घरमालकीण म्हणाली, "येशू आमच्याकडे हजार वर्षांपासून आहे, तुम्ही आणखी कुठला आणलात?" मी म्हटलं, "तोच आणलाय, फक्त सोबत जेवण आहे." तिला पटलं. मावसबहिणीला अजून पटलेलं नाही, आणि तिला पटवायचा नाद मी सोडलाय.

काम साधं होतं. नवरा दिवसा गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करायचा, आमचं पोट त्यावर. शनिवारी संध्याकाळी विद्यापीठातली परदेशी मुलं आमच्याकडे जेवायला यायची. केरळची, नायजेरियाची, व्हिएतनामची, आणि हटकून दोनचार आपली मराठी. हिवाळ्यात तिथे दुपारीच अंधार पडतो, आणि त्या अंधारात एकट्या खोलीत नूडल्स खाणाऱ्या पोराला काय वाटतं ते त्यालाच माहीत. पॅसेजमध्ये ओल्या बुटांचा ढीग व्हायचा. कोट टाकायला जागा एकच, आमच्या मुलांचा पलंग. धाकटी वैतागून विचारायची, "आई, आज कोणाच्या कोटावर झोपू?" एकदा तर तिने शाळेत बाईंना सांगून टाकलं की आमची खानावळ आहे. मी म्हटलं, खोटं काय त्यात?

जेवणाआधी नवरा उभा राहून प्रार्थना करायचा, येशूच्या नावाने, मोठ्याने. त्याआधी दर शनिवारी तो तेच वाक्य म्हणायचा, "डोळे मिटायची सक्ती नाही." कोणी मिटायचं, कोणी मोबाइल बघायचं, कोणी भाताकडे बघत बसायचं. मी मात्र उघडे ठेवायची. गॅसवर पोळी असायची हे कारण होतंच, पण कोणकोण मिटतंय यावरही लक्ष असायचं. आम्हाला पाठवणाऱ्या पिंपरीच्या चर्चला दरवर्षी अहवाल लागायचा, आणि अहवालाला मजकूर लागतो.

या मुलांत एक मुलगी होती, चाकणच्या पुढे राजगुरुनगरच्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथली. इंजिनिअरिंग शिकणारी, हे सगळं घडलं तेव्हा शेवटच्या वर्षात जायची होती. आम्ही तिला चाकणकरीणच म्हणायचो. पहिल्या शनिवारी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, तुमची प्रार्थना चालू असताना मी मनात आमचा शाळेतला जेवणाआधीचा श्लोक म्हणते. चालेल ना?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं? जेवण तेच आहे." पुढच्या सुट्टीवरून परतताना तिने काळ्या मसाल्याचा डबा आणला. "आईनं दिलाय. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी." तेव्हापासून शनिवारची आमटी त्याच मसाल्याची. नायजेरियाचा एक पोरगा तर ती वाटीने प्यायचा.

आता सासूबाई. निवृत्त नर्स, पिंपरीत एकट्या राहणाऱ्या, आणि इंजेक्शन व प्रार्थना दोन्ही न विचारता देणाऱ्या. चर्चच्या महिला मंडळाची प्रार्थना साखळी त्या चालवतात. साखळी म्हणजे एखाद्याची अडचण ग्रुपवर टाकायची आणि प्रत्येक बाईने एकेक तास वाटून घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायची. चांगली पद्धत आहे. पण अडचण कोणाची, कुठली, कशामुळे हे कळल्याशिवाय आमच्या बायकांच्या प्रार्थनेला जोर चढत नाही, हेही तितकंच खरं.

एका शनिवारी त्यांनी व्हिडिओ कॉल केला. मी फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला, जेवण वाढलं, नवऱ्याने प्रार्थना केली. पिंपरीत बसून सासूबाईंनी काय पाहिलं? आपल्याकडची एक मुलगी, हात जोडलेले, डोळे मिटलेले. त्यांनी त्या स्क्रीनचा फोटो घेतला आणि साखळीवर टाकला. खाली, माझ्याकडूनच कधीतरी कळलेल्या गावाच्या नावासकट लिहिलं, की ही लेक परदेशात प्रभूच्या जवळ येत आहे, सर्व भगिनींनी प्रार्थनेचा भार घ्यावा. भगिनींनी भार घेतला. त्यातल्या एकीच्या नवऱ्यानेही घेतला. तो चाकणच्या ज्या कंपनीत आहे, तिथे कामगारांना ने-आण करणाऱ्या बसगाड्या त्या मुलीच्या वडिलांच्या. कंपनीच्या गेटवर चार माणसांत त्याने मोबाइल पुढे केला, "भाऊ, ही तुमचीच लेक ना?"

हे सगळं मला कळलं तेव्हा आम्ही सुट्टीवर आलेलो होतो, पुनावळेला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. चाकणकरीणही गावी आलेली. तिचा फोन आला, "काकू, पप्पांनी पासपोर्ट कपाटात टाकलाय. म्हणतात शिक्षण बास. कॉलेज सुरू व्हायला आलंय." ती रडत नव्हती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सासूबाईंवर मी इतकी चिडले की लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले. "मम्मी, कोणाला विचारून टाकलात फोटो?" त्या म्हणाल्या, "प्रार्थनाच केली ना गं? चोरी तर नाही केली." मी म्हटलं, "न विचारता घेतलं त्याला काय म्हणतात मग?" त्यांनी चष्मा लावला आणि साखळीवरून फोटो काढून टाकला. आमच्या घरात ही बातमीच होती.

त्याच संध्याकाळी चर्चच्या सेक्रेटरींचा फोन. त्यांना गेटवरची भानगड कळली होती, पण आवाज असा, जणू आमच्याकडे पेढे वाटायचेत. रविवारी मला उपासनेत आमच्या कामाविषयी बोलायचं होतं. "ताई, तो फोटो पडद्यावर घेऊ. लोकांना फळ दिसलं पाहिजे." मी म्हटलं, "ती मुलगी आहे, पेरू नाही." आणि फोन ठेवला. वडिलांना वाटतंय आम्ही लेक पळवली, चर्चला वाटतंय आम्ही जिंकली. त्या दोघांत मधल्यामध्ये तिचं शेवटचं वर्ष हातातून चाललं होतं. तिला विचारायचं मात्र कोणालाच सुचत नव्हतं.

नवरा म्हणाला, "तू तिच्या घरी गेलीस तर प्रकरण वाढेल." मी म्हटलं, वाढू दे. मी निघाले तर सासूबाई आधीच कडक इस्त्रीची साडी नेसून दारात उभ्या. "मी निस्तरायला नको का?" चाकणच्या चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा त्यांनी पर्समधून बायबल काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत ठेवलं.

नवा बंगला होता, अंगणात दोन बसगाड्या धुवायला लावलेल्या. वडिलांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. रागावलेला असला तरी घरी आलेल्याला उभं ठेवणारा माणूस तो नव्हता. मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

"ताई, तुमी शिकल्यासवरल्या मान्सं," ते म्हणाले. "माझी लेक कुनापुढं हात जोडती, हे मला कंपनीच्या गेटवर लोकांनी सांगावं व्हय? सगळं आयुष्य या गावात मान वर करून काढलं आमी."

त्यांचं दुखणं खरं होतं, ते मला दिसत होतं. पण मी तिथे मान खाली घालायला गेले नव्हते. "भाऊ, फोटो टाकला ती आमची चूक. त्याची माफी मागायलाच आलोय. पण तुमची लेक आमच्याकडे जेवली, याची माफी मी मागणार नाही. आम्ही येशूचं नाव घेऊन जेवायला बसतो, तुमच्यासमोरही घेऊ. तिचं नाव आम्ही बदललं नाही, तिच्याकडून काही वदवून घेतलं नाही. लपवण्यासारखं काही असतं तर मी इथे आले असते का?"

सासूबाई मुलीकडे वळल्या. "बाळा, तुला विचारायला हवं होतं मी." एवढंच म्हणाल्या. या बाईला मी कोणापुढे असं बोलताना ऐकलं नव्हतं.

वडील जरा निवळले. लेकीकडे बघून म्हणाले, "आता तूच सांग. त्या फोटोत आपला श्लोक म्हनत व्हतीस ना? एवढं एक सांग माझ्यासमोर. उद्या गेटवर एकेकाच्या तोंडावर मारतो, आन् पासपोर्ट तुझ्या हातात देतो."

माझा जीव भांड्यात पडला. श्लोकाचं मला माहीतच होतं. एक 'हो' म्हटलं की काम फत्ते. मी साक्ष द्यायला तोंडही उघडलं.

"काकू, तुम्ही नका बोलू," मुलगी म्हणाली. मग वडिलांकडे बघून, आवाज न चढवता, "पप्पा, मी कधी श्लोक म्हणते. कधी काका काय म्हणतात ते ऐकते. कधी नुसती बसते, थंडीनं जीव नको झालेला असतो. त्या फोटोत मी काय म्हणत होते ते मी सांगणार नाही. गेटवरच्या लोकांना नाही, यांच्या साखळीला नाही आणि तुम्हालाही नाही. डोळे माझे आहेत."

मला तिचा भयंकर अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. अगं, पासपोर्ट हातात येत होता!

"मंग बस हितंच," वडील उठत म्हणाले. "झालं शिक्षान."

"थांबा वो जरा." स्वयंपाकघराच्या दारात तिची आई उभी होती, हाताला पीठ. तोवर ती बाहेर आलीच नव्हती. "त्या शनवारच्या आमटीत मसाला कुनाचा हाय, ठाव हाय का तुमाला?"

"कसला मसाला?"

"काळा. मी धाडलाय, दर खेपंला. माज्या लेकीला परमुलखात जी बाई ताट वाढती, तिला रिकाम्या हातानं कसं ऱ्हाऊ द्यायचं? तिथं कोन काय म्हनतं, हे समदं लेक मला फोनवर सांगती. आन् लेक बाटली म्हनत असाल, तर माज्या मसाल्यानं बाटली म्हना. जावा, सांगा गेटवर!"

अंगणात बस धुणाऱ्या ड्रायव्हरने पाणी बंद केलं.  वडील तरातरा बाहेर गेले आणि पाणी का बंद केलं म्हणून त्या बिचाऱ्यावरच ओरडू लागले. आईने पीठ पदराला पुसलं. कपाट नवऱ्याचं असलं तरी किल्ली तिच्या कमरेला होती. आतून पासपोर्ट आणून तिने लेकीच्या हातात ठेवला.

"डोळं मीट, न्हाईतर उघडं ठेव," ती म्हणाली. "पन डिग्री घेतल्याबिगर या दारात येऊ नगंस."

मग तिने आम्हाला जेवायला बसवलं. सासूबाईंनी त्या घरात जेवणाआधी प्रार्थना केली, पण मनात. वडील जेवायला आले नाहीत. निघताना मात्र आम्हाला चौकापर्यंत सोडायला त्यांनी बस काढायला सांगितली. अख्ख्या बसमध्ये आम्ही दोघी.

रविवारी चर्चमध्ये पडदा मी गुंडाळूनच ठेवायला लावला. सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, मग फळ काय म्हणायचं?" मी म्हटलं, "मुलं भुकेली येतात आणि जेवून जातात. येशूबद्दल विचारलं तर आम्ही सांगतो. बाकी हिशोब देवाचा आहे, समितीचा नाही." पहिल्या रांगेतून सासूबाई खणखणीत "आमेन" म्हणाल्या, त्यामुळे सेक्रेटरींना बसावं लागलं.

आता आम्ही परत पोलंडला आलोय. पॅसेजमध्ये बूट आहेत, पलंगावर कोट आहेत, नवा मसाला आलाय. चाकणकरीण शनिवारी माझ्या समोरच्या खुर्चीत बसते. नवरा प्रार्थनेला उभा राहिला की मी आधी गॅस बंद करते. त्या वेळी ती डोळे मिटते की उघडे ठेवते, हे कोणी कितीही विचारलं तरी मला सांगता येणार नाही. माझे मिटलेले असतात.