मेलेल्या ताऱ्याचं सुतक

पत्रकाच्या पहिल्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘सांगोवांगीवर विश्वास ठेवू नका.’ दुसऱ्या ओळीत, ‘फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आम्ही पाहिले आहेत. तुम्हीही पाहा.’ दुसरी ओळ खोटी होती. मी फक्त फोटो पाहिला होता.

पण पत्रक लिहिताना हात असाच सुटतो. ‘आम्ही फोटो पाहिला आहे’ असं छापलं असतं तर रोहण्याच्या शाळेच्या पटांगणात थंडीत कोण येणार होतं?

रोहणा निवडलं, कारण तिथे माझी आत्या राहते. मी सिंदी मेघेची. आमच्याकडे रस्त्यावरच्या दिव्यांनी आकाश केव्हाच खाऊन टाकलंय. त्याविरुद्धचं पत्रक वेगळं आहे. चंद्र नको म्हणून आम्ही जानेवारीतली अमावस्या निवडली. गावाने तिचा काय अर्थ लावला ते लिहीत नाही, चिडचिड होते.

दुपारी पत्रकांचा गठ्ठा आत्यासमोर टाकला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. आमच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेतही इतकं कोणी वाचत नाही.

“मेलेला तारा पाह्याले बोलावून राह्यली तू लोकायले?”

“मेलेला काय आत्या, स्फोट झाला त्याचा. त्यातून उडालेला वायू अजून पसरतोय, तो दाखवायचाय. तुझ्या विळ्यातलं लोखंडसुद्धा अशाच फुटलेल्या ताऱ्यांमधून आलंय.”

“म्हंजे मेलाच ना. कधी?”

“तो फुटलेला इथे दिसला त्याला हजारेक वर्षं झाली. दिवसाउजेडी दिसत होता. पण त्याचा उजेडच इथे पोचायला साडेसहा हजार वर्षं लागतात.”

आत्याने चष्मा काढला. “एवढ्या उशिरा बातमी आली तं मग सुतक नाई लागत. नुसती आंघोळ करा लागन.”

मी सुतकावर बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे त्याचंही पत्रक आहे. ती म्हणाली, “आधी जेवून घे. तुहं भाषण थंड झालं तरी चालते.”

अंधार पडल्यावर पंचवीसेक माणसं जमली. दुर्बीण हिंगणघाटच्या एका मित्राची. त्याने ती वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी लावली, स्वतः पाहिलं आणि मला खुणावलं. मी डोळा लावला. काळोख. चार-दोन बारीक तारे. फोटोतलं लाल-हिरवं जाळं कुठेच नाही.

“दिसलं?” त्याने विचारलं.

मागे रांग उभी होती. प्रत्येकाच्या हातात माझं पत्रक.

“दिसलं,” मी म्हणाले.

मग काय, सगळ्यांनाच दिसलं. एकेक जण वाकायचा, डोळा लावायचा, “दिसलं बा” म्हणून पुढे सरकायचा. दोघा-तिघांनी हात जोडले. आत्याने तर पदर डोक्यावर घेऊन जोडले. “हे देऊळ नाही,” मी ओरडले. “असू दे ना,” आत्या म्हणाली, “बिचारं मेलं हाय.”

शेवटी आत्याच्या शेतात कापूस वेचणीला येणारी मावशी आली. ती गोंड आहे, घरी गोंडी बोलते, उन्हाळ्यात रानात मोहफुलं वेचते. ती बराच वेळ वाकून राहिली.

“मले नाई दिसत.”

“नीट पाह्य,” रांगेतून कोणीतरी म्हणालं. “सगळ्यायले दिसलं.”

ती माझ्याकडे वळली. “पोरी, तुले दिसलं ना? कसं हाय ते? कोन्या रंगाचं?”

“लाल,” मी म्हणाले. “मधे हिरवट दोरे.”

तिने पुन्हा डोळा लावला. “इथं तं रंगच नाई.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते, ते मला जमतं. पण तिने पाहिलं तेच सांगितलं होतं, आणि तेवढंच करा असं मी गावभर वाटत फिरले होते.

“मलापण नाही दिसलं,” मी म्हणाले. “तो रंग फोटोतला. पत्रकातही मी खोटं लिहिलंय.”

मग मागून आवाज आला, “मलेबी नाई.” मग दुसरा. मग तिसरा.

“तं मंग मी हात काऊन जोडले?” आत्याने मला विचारलं, जणू मीच धरून जोडले होते.

मावशी मात्र दुर्बिणीशीच होती. “थांबा,” ती म्हणाली. “हाय. बाजूले पाह्यलं का दिसते.” मोहफुलं वेचायला पहाटेच्या आधी निघतात, तेव्हा पायवाटेवर थेट नजर रोखली तर वाट हरवते, म्हणे, जरा बाजूला पाहिलं की दिसते. “तू तं डोळे फाडून पाहून राह्यली असशीन, सरळ.”

मी सरळच पाहत होते. मी सगळ्याकडे तसंच पाहते.

तिने सांगितलं तसं केलं. कडेच्या एका ताऱ्यावर नजर ठेवली, आणि थोड्या वेळाने मधोमध काहीतरी उमटलं. काचेवर श्वास टाकल्यावर उरतो तेवढा पांढुरका डाग. सरळ पाहिलं की गायब.

“मी हेच सांगणार होतो,” मित्र म्हणाला, “पण तू आधीच ‘दिसलं’ म्हणालीस.”

रांग पुन्हा लागली. या वेळी कोणी दिसलं म्हणालं, कोणी नाही म्हणालं, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला कोणी नीट पाहायला सांगितलं नाही. आत्या तीनदा वाकली. “नाई दिसला,” तिने जाहीर केलं. आमच्या मोहिमेला त्या दिवशी मिळालेलं सगळ्यात मोठं यश मी तेच धरते.

घरी आलो तर चुलीवर पाण्याचं भगुणं तापत होतं. जाण्याआधी आत्याच ठेवून गेली होती.

“मले दिसलाच नाई, तं आंघोळ कायची?” ती अंथरुणात शिरत म्हणाली. “तुले दिसला. तू कर.”

मी केली. पाहिलं तेच सांगायचं ठरलंय, म्हणून हेही सांगून टाकते. पाणी छान गरम होतं.